गावातला जुना मनोरा किंवा बुरूज : नोंद कशी करावी, जतन कसे करावे

तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठाने खानदेशात कोठेही गेले तरी एखादे जुने, उंच बांधकाम नजरेस पडतेच. कोठे ढासळलेल्या गढीचा एकच बुरूज उरलेला असतो, कोठे मशिदीचा मनोरा असतो, कोठे देवळापुढची दीपमाळ असते, तर कोठे गावकुसाच्या वेशीचा अर्धा भाग. लळिंग, सोनगीर, थाळनेर, पारोळा ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत येतात, त्यामुळे त्यांच्याकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते. आडगावातल्या बुरुजाची मात्र ना कोठे नोंद असते, ना त्याचे एखादे मोजमाप उपलब्ध असते, आणि तो पडला की ‘इथे काहीतरी होते’ एवढेच उरते.

आपल्या गावातील अशा वास्तूसाठी काही करावे असे वाटणाऱ्या, पण सुरुवात कोठून करावी हे न कळणाऱ्या नवख्या मंडळींसाठी हा लेख आहे. नोंद आधी करावी आणि दुरुस्तीला हात सर्वांत शेवटी घालावा, हे त्याचे मुख्य सांगणे आहे. उत्साही मंडळी नेमके उलट करतात. वर्गणी गोळा होते, सिमेंटच्या गोण्या येतात, वर ऑइलपेंट बसतो, आणि दोनशे वर्षे ऊनपाऊस सोसलेली भिंत पुढच्या काही पावसाळ्यांतच फुगू लागते. हा क्रम टाळण्यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी : समोर नेमके काय उभे आहे ते ओळखावे

उंच दिसणारी प्रत्येक वास्तू एकाच हेतूने बांधलेली नसते, आणि हेतू कळल्याशिवाय तिचे वय, साहित्य आणि दुखणे यांपैकी काहीच नीट समजत नाही. किल्ल्याच्या किंवा गढीच्या बुरुजात बंदुकीसाठी तिरक्या जंग्या आणि तोफेसाठी रुंद झरोके असतात, त्याचा घेर मोठा असतो आणि तो बहुधा आतून मातीने व दगडगोट्यांनी भरलेला असतो. मनोरा सडपातळ असतो, आतून गोल जिना फिरत वर जातो आणि त्याचे वजन थोड्या जागेवर येते. दीपमाळ बहुधा भरीव दगडाची असते आणि तिच्या अंगाला दिवे ठेवण्यासाठी हात काढलेले असतात. जळगावच्या टॉवर चौकाने ज्याचे नाव घेतले आहे तो घड्याळाचा टॉवर हा आणखी वेगळा आणि बराच अलीकडचा प्रकार आहे, त्यामुळे त्याला जुन्या बुरुजाचे निकष लावू नयेत.

खानदेशातील गढ्यांबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पुष्कळ गढ्या पांढरीच्या टेकाडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या थरांवर उभ्या असतात. गिरणाकाठच्या बहाळ येथे आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली, तेव्हा अशाच टेकाडांच्या पोटात ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाणारे वस्तीचे थर सापडले. म्हणजे वरचा बुरूज अडीचशे वर्षांचा असला तरी त्याच्या पायाखालची माती तीन हजार वर्षांहून जुनी असू शकते. तिथली माती धाब्याच्या घरावर पसरायला किंवा सारवणाला नेण्याची जुनी रीत आहे, आणि गढ्या पोखरल्या जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. गुप्तधनासाठी रात्री खणणारे महाभाग हे दुसरे कारण. त्यांना एवढेच सांगावे की १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

सडपातळ मनोऱ्यांचे खानदेशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एरंडोल तालुक्यातील फरकांडे येथील झुलते मनोरे. एक मनोरा हलवला की दुसरा हलतो, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांपैकी एक मनोरा आता उभा नाही. अशा मनोऱ्यांचे अधिक अभ्यासलेले नमुने अहमदाबादेत आहेत. तेथील सिदी बशीरच्या मशिदीचे मनोरे शिल्लक आहेत, पण मूळ मशीद अठराव्या शतकातल्या लढाईत गेली, आणि त्याच शहरातील जामा मशिदीचे मनोरे १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपात कोसळले. मनोरे हलण्यामागे जादू नाही. उंच, बारीक आणि काहीसे लवचीक बांधकाम धक्का मिळाला की स्वतःच्या ठरावीक लयीत डोलते. दोन मनोरे सारख्या उंचीचे व सारख्या जाडीचे असले, तर त्यांची लयही सारखी असते, म्हणून एकाचे कंपन खालच्या समाईक बांधकामातून पलीकडे पोचले की दुसराही त्याच लयीत डोलू लागतो. यातून नवख्याने घ्यायचा बोध असा की पाहुण्यांना गंमत दाखवण्यासाठी मनोरा हलवणे म्हणजे दर वेळी त्याच्या सांध्यांतला चुना थोडा अधिक सैल करणे होय. ज्या गावात अशी प्रथा असेल तेथे ती बंद करवणे हेच जतनाचे पहिले काम ठरते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी पायरी : मालक कोण आणि संरक्षण आहे की नाही ते पाहावे

हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे गेलेले प्रयत्न बहुधा तक्रारींत अडकतात. वास्तू शेतजमिनीत असेल तर सातबारा काढावा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना मुद्दाम वाचावा. गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. तेथे भूमी अभिलेख कार्यालयातील मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील नोंद पाहावी. जुने कडईपत्रक, म्हणजे जमिनीचा जुना सरकारी दस्तऐवज, मिळाले तर उत्तमच, कारण त्यात जमिनीचा मूळ प्रकार आणि इनाम असल्यास त्याचा उल्लेख सापडतो. मशिदीचा किंवा दर्ग्याचा मनोरा असेल तर तो वक्फ मिळकत म्हणून नोंदलेला आहे का, आणि देवळाची दीपमाळ असेल तर सार्वजनिक न्यास आहे का, हे विचारावे. विश्वस्तांना किंवा वाड्याच्या वारसांना पहिल्याच दिवशी भेटून आपण काय करणार आणि काय करणार नाही हे स्पष्ट सांगितले, तर पुढची निम्मी कटकट वाचते. गावात वास्तूच्या मूळ धर्माबद्दल वाद असेल तर नोंद करणाऱ्याने त्यात पडू नये. दगड मोजताना बाजू घ्यावी लागत नाही.

त्यानंतर वास्तू संरक्षित आहे का ते तपासावे. संरक्षणाचे दोन प्रकार आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळते, तर राज्य संरक्षित स्मारके १९६० च्या महाराष्ट्र कायद्याखाली राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. थाळनेर येथील, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचे मकबरे हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने पक्की झाली. त्याच दुरुस्तीनुसार स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित वास्तूवर चुन्याचा एक थापा मारायलाही परवानगी लागते, मग हेतू कितीही चांगला असो. यादीत नाव सापडत नसेल आणि कार्यालयातून तोंडी उत्तरे मिळत असतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करावा आणि लेखी उत्तर घेऊनच पुढे जावे.

तिसरी पायरी : मोजावे आणि छायाचित्रे घ्यावीत

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. तीस मीटरची फीत, गवंड्याचा ओळंबा, सुतळी, खडू, होकायंत्र असलेला फोन, आलेखाचा कागद आणि एक जाड बांधणीची वही पुरेशी आहे. सकाळी लवकर जावे, कारण चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि दहानंतर दगडाला हात लावणेही नकोसे होते.

प्रथम पायथ्याचा घेर सुतळीने मोजावा आणि त्यावरून व्यास काढावा, म्हणजे घेराला ३.१४ ने भागावे. उंची मोजण्यासाठी वर चढू नये. सपाट जागी सरळ काठी रोवून तिची सावली आणि मनोऱ्याची सावली एकाच वेळी मोजली की साध्या त्रैराशिकाने उंची निघते. मात्र माथा निमुळता असेल तर मनोऱ्याची सावली त्याच्या मध्यापासून धरावी, म्हणजे फितीवरच्या मापात त्रिज्या मिळवावी. हे न केल्यामुळे अशा मनोऱ्याची उंची कमी भरते. सपाट माथ्याच्या सरळ बुरुजाला मात्र त्रिज्या मिळवू नये. वास्तू कलली आहे असे वाटत असेल तर ओळंबा डोळ्यासमोर धरून चारही दिशांनी छायाचित्रे काढावीत. दोर चौकटीत दिसला पाहिजे, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा तेथेच उभे राहून तुलना करता येते.

छायाचित्रांच्या बाबतीत सुंदर कोनापेक्षा पद्धतशीरपणा महत्त्वाचा आहे. आठ दिशांनी पूर्ण वास्तू, मग प्रत्येक बाजूचे तुकडे, मग भेगा, कोरीव काम, गवंड्यांच्या खुणा आणि पडलेले दगड असा क्रम ठेवावा. जवळच्या प्रत्येक छायाचित्रात सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. रोजच्या ओळखीचे नाणे किंवा पेन ठेवण्याची सवय सोडावी, कारण पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला ते पेन केवढे होते हे कळणार नाही. फोनमध्ये दिनांक नोंदला जातो यावर विसंबू नये. वहीत दिनांक, वेळ, दिशा आणि कोण उपस्थित होते हे लिहावे.

सुरक्षिततेबद्दल थोडे. जिना मोकळा दिसला तरी आत जाऊ नये. दिल्लीच्या कुतुबमिनारात ४ डिसेंबर १९८१ रोजी दिवे गेल्यावर जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जणांचा जीव गेला आणि तेव्हापासून तो जिना लोकांसाठी बंद आहे. तो मिनार तर भक्कम होता. उन्हाळ्यात उंच भिंतींना आग्या मोहोळ लागलेले असते. तेथे धूर करू नये, दगड मारू नये, अत्तर लावून जाऊ नये. मोहोळ दिसले तर त्या बाजूचे काम पुढच्या महिन्यावर ढकलावे.

चौथी पायरी : इतिहास शोधावा

येथे नवख्याचा सर्वांत जास्त वेळ जातो आणि जावाही. सुरुवात छापील साधनांपासून करावी. १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड संपूर्ण खानदेशावर आहे आणि त्याच्या शेवटच्या भागात गावांची वर्णानुक्रमे माहिती आहे. गावाचे इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखे असेलच असे नाही, म्हणून सर्व संभाव्य रूपे धुंडाळावीत. गाव कोणत्या तालुक्यात दाखवले आहे याचीही काळजी घ्यावी. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचेच पुढे जळगाव व धुळे झाले, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे एकाच गावाचे कागद तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असू शकतात.

त्यानंतर मोडी कागद. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ही या कामासाठी खानदेशातील हक्काची जागा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी गोळा केलेल्या दप्तरांच्या जतनासाठी मंडळ उभे राहिले. इनाम, वतन आणि सरंजाम यांचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. मोडी येत नसेल तर जाणकाराची मदत घ्यावी, पण लिप्यंतर स्वतः कालगणनेच्या कसोटीवर तपासावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघाच्या सुमारास तो ७९ होतो. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावेत. दक्षिणी फसली सनात ५९० मिळवावेत. मराठी कागदांत नेहमी येणारा सुहूर सन मात्र अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार, अर्थात ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१ येते, आणि सन मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने तो १७९१-९२ असा लिहावा. हिजरी सन चांद्र असल्याने त्याला अशी सरळ बेरीज चालत नाही, त्यासाठी तक्ताच पाहावा.

कालगणना का महत्त्वाची, हे बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत दिसते. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. या मशिदीत अरबीबरोबरच एक संस्कृत लेख आहे, त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे आणि काळ शक १५११, संवत १६४६, पौष महिना असा दिला आहे. नुसते ७८ मिळवणारा १५८९ लिहील. पौष लक्षात घेणारा १५९० च्या जानेवारीपर्यंत पोचेल. मशीद म्हटली की लेख फारसी-अरबीच असणार, अशी समजूत घेऊन गेलेल्याला तर तो लेख दिसूनही दिसणार नाही.

शिलालेख सापडला तर त्याला खडू, तेल, चुना, शेंदूर काहीही लावू नये आणि खिळ्याने अक्षरे मोकळी करू नयेत. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडत असताना, किंवा बाजूने विजेरी धरून छायाचित्र घेतले की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखातून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला नसता, तर खानदेशाच्या इतिहासातले हे पान कोरेच राहिले असते.

इंग्रजी लष्करी अहवालांत किल्ल्यांची वर्णने बारकाईने आलेली असतात, कारण तोफा कोठे लावायच्या हे त्यांना ठरवायचे असे. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतले, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. त्या मोहिमेच्या लेखनात दरवाजे आणि तटबंदी यांचा तपशील मिळतो. हे सारे जिंकणाऱ्याने लिहिलेले आहे हे मात्र विसरू नये. भिंतीच्या उंचीबद्दल त्याचा शब्द बराचसा चालतो, किल्लेदाराच्या हेतूबद्दल चालेलच असे नाही.

आता तोंडी माहिती. पाटलांचे घर, जुने कोतवाल, गवंडीकाम करणारे वृद्ध, भाटांच्या वह्या आणि माहेरवाशिणी या सर्वांकडे जावे. शेवटच्या नावाचे आश्चर्य वाटेल, पण गावाबाहेर दिलेल्या म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांसमोर लहानपणीचे गाव जसेच्या तसे उभे असते. गावात राहिलेल्यांच्या आठवणींवर मात्र नंतरचे बदल चढत जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी येतात, तेव्हा झोक्याखाली बसून चौकशी करावी. सन विचारू नये. ‘फैजपूरच्या काँग्रेसच्या वेळी हा भाग उभा होता का’, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी पडला की नंतर’ असे विचारावे, कारण १९३६ चे फैजपूर अधिवेशन आणि १९७२ चा दुष्काळ हे सर्वांचे खुणेचे दगड आहेत. माणूस अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच ध्वनिमुद्रण करावे आणि तसेच उतरवून घ्यावे, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नये. भुयार थेट बऱ्हाणपूरपर्यंत जाते ही कथा प्रत्येक गावात ऐकायला मिळेल. तीही लिहून घ्यावी, पण ‘दंतकथा’ या मथळ्याखाली.

पाचवी पायरी : दुखणे ओळखावे

बहुतेक जुन्या भिंतींचा शत्रू वय नसून पाणी असते. खानदेशातील काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या दरवर्षीच्या उठबशीने पाया हलतो आणि भिंतीला पायऱ्यांसारखी तिरपी भेग जाते. शेजारच्या शेतात केळी असेल आणि ठिबकच्या नळ्या पायथ्यापर्यंत आल्या असतील, तर एक बाजू बारमाही ओली आणि दुसरी कोरडी राहते. अशा असमान ओलाव्याने मनोरा एका बाजूला झुकू शकतो. गटार, हापशाचे सांडपाणी आणि जनावरे बांधण्याची जागा हेही तपासावे. भिंतीच्या खालच्या हातभर भागावर पांढरी भुकटी फुलून आलेली दिसली, तर जमिनीतले क्षार ओलाव्याबरोबर वर चढत आहेत असे समजावे.

सिमेंटच्या ठिगळाचे नुकसान प्रत्यक्ष पाहण्यासारखे असते. जुन्या विटांच्या भिंतीवर मारलेले सिमेंट स्वतः टणक आणि शाबूत दिसते, पण त्याच्या चारही कडांना लागून विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटलेला असतो. बोट फिरवले तर लालसर पूड हाताला लागते, आणि त्यापलीकडच्या मूळ सांध्यात, जेथे चुन्याचा न मळला गेलेला पांढरा खडा अजून दिसतो, तेथे वीट धडधाकट असते. कारण सरळ आहे. चुना ओलावा आत-बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवते, मग कोंडलेले पाणी शेजारच्या मऊ विटेतून वाट काढते आणि जाताना तिला खाते. सांध्यातला माल नेहमी दगड-विटेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झिजायचे ते त्याने झिजावे.

भेग वाढते आहे की जुनी आहे हे ठरवण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खुणा करून त्यांमधले अंतर दर महिन्याला, शक्यतो सकाळच्या एकाच वेळी मोजावे, कारण उन्हाने दगड प्रसरण पावतो आणि दुपारचे माप फसवे येते. निदान एक पूर्ण वर्ष मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अंतर सतत वाढत असेल, किंवा भेगेच्या दोन कडा एकमेकींच्या पुढे-मागे सरकल्या असतील, तर आसपासची ये-जा थांबवून संरचना अभियंत्याला बोलवावे.

सहावी पायरी : आपल्या हाताने काय करावे

मालकाची लेखी संमती असलेल्या असंरक्षित वास्तूवर नवख्यांनी करण्यासारखी कामे थोडी आहेत. पायथ्यापासून पाणी दूर जाईल असा उथळ चर काढावा, पण खोल खणू नये. कचरा उचलावा, मात्र पडलेले घडीव दगड हलवू नयेत. हलवावेच लागले तर क्रमांक टाकून, छायाचित्र घेऊन, त्याच आवारात ठेवावेत. पिंपळ, उंबर, वड यांची त्याच पावसाळ्यात उगवलेली बोटभर रोपे ओल असताना अलगद उपटावीत. बोटापेक्षा जाड झालेले मूळ ओढू नये, कारण तेवढ्यात त्याने दोन दगडांमध्ये घर केलेले असते आणि ते ओढले की दगडही येतो. अशा झाडाचे शेंडे कात्रीने छाटत राहावे आणि मुळाचे काम जाणकारावर सोडावे. रॉकेल, आम्ल किंवा मीठ ओतण्याचे गावठी उपाय दगडालाच बाधतात.

चुन्याचे काम हा खरा कारागिरीचा भाग आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून पुष्कळ दिवस मुरवतात, मग त्यात वाळू आणि विटेची सुरखी घालून चुन्याच्या घाण्यात मळतात. गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा यांचा वापर जुन्या गवंड्यांत होता. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो, म्हणून काम भर उन्हाळ्यात करू नये आणि झाल्यावर ते बरेच दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. हे काम येणारा गवंडी मिळाला तर त्याची पद्धत टिपून ठेवावी, चित्रफीतही करावी. तोही या वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. असा गवंडी मिळत नसेल तर भेग तशीच राहू द्यावी. उघडी भेग चुकीच्या मालाने बुजवलेल्या भेगेपेक्षा कमी घातक असते, कारण ती निदान मोजता येते. नाव कोरलेली फरशी, लोखंडी जाळीचे फाटक आणि रंगीत दिवे यांवर पैसा घालण्याचा मोह आवरावा.

सातवी पायरी : प्रस्ताव

वास्तू राज्य संरक्षित व्हावी असे वाटत असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव द्यावा. सोबत मालकीचे उतारे, संमतिपत्र, मोजमापाचे आराखडे, छायाचित्रे आणि दोन-तीन पानांचे इतिहासाचे टिपण जोडावे. टिपणात कागदावरचे, शिलालेखातले आणि ऐकीव असे तीन भाग वेगळे ठेवले की तपासणाऱ्याचा विश्वास बसतो. ‘महाभारतकालीन’ असे विशेषण लावल्याने प्रस्तावाचे वजन वाढत नाही, उलट घटते. प्रक्रियेत आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकतींसाठी मुदत आणि नंतर अंतिम अधिसूचना असा क्रम असतो, आणि प्रत्यक्षात वर्षे जातात. मालकाला संरक्षणामुळे येणारे निर्बंध आधीच समजावून सांगावेत. नंतर कळले तर तोच हरकत घेतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आठवी पायरी : वर्षातून दोनदा पाहणी

एक पाहणी आखाजीच्या सुमारास, पावसाआधी करावी : चर मोकळे आहेत का, माथ्यावर पाणी साचेल असा खळगा झाला आहे का, सैल दगड आहेत का. दुसरी दसऱ्यानंतर : नवी रोपे, नवी भेग, ओल किती उंचीपर्यंत चढली. माथा पाहण्यासाठी दुर्बीण किंवा शेजारच्या इमारतीची गच्ची वापरावी. प्रत्येक पाहणीत त्याच आठ जागांवरून तीच आठ छायाचित्रे घ्यावीत. वहीच्या प्रती ग्रामपंचायत, गावची शाळा आणि धुळ्याचे मंडळ किंवा जळगावचे विद्यापीठ अशा निदान तीन ठिकाणी असाव्यात, आणि मूळ वही कोणाकडे आहे ते प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर लिहावे. पुढची पाहणी कोण करणार त्याचे नाव, आदल्या पाहणीचे पान बंद करण्याआधीच त्याच्या खाली नोंदवून ठेवावे.